मूळ संहितेवाचून : जुन्या संगणक-खेळांचे हातातील यंत्रांवरील स्थलांतर

१

इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल कागद आणि त्याची नक्कल ह्यांतील भेद नव्याने सांगावयास नको. अस्सल उपलब्ध असेल तर नकलेचे महत्त्व दुय्यम ठरते. अस्सल हरवले असेल तर नकलेवरूनच, तिच्यातील दोषांसकट, मूळ काय असावे ह्याचा निर्णय करावा लागतो. संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर हाच प्रश्न उभा राहतो. मात्र त्याचे रूप काहीसे निराळे असते. आज्ञावली लिहिणारा ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. ह्या लेखनाला सोर्स कोड अथवा मूळ संहिता असे म्हणतात. पुढे कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली ह्या संहितेचे विशिष्ट प्रोसेसरला कळणाऱ्या अंकसंकेतांत रूपांतर करते, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडते ते हे रूपांतर. ह्या क्रियेत लेखकाने दिलेली नावे गळून पडतात, समजुतीसाठी लिहिलेली टिपणे नाहीशी होतात आणि विचाराची मांडणीही बरीचशी विस्कटते. उरतो तो आकड्यांचा एक अखंड प्रवाह. नकलेच्या असंख्य प्रती घरोघर आणि अस्सल मात्र कंपनीच्या एखाद्या कपाटात एकुलते एक, अशी ही स्थिती आहे.

हे कपाट रिकामे झाले तर काय होते, हा प्रश्न १९८० आणि १९९० ह्या दशकांत निर्माण झालेल्या संगणक-खेळांच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. खेळ निर्माण करणाऱ्या अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या; चुंबकीय तबकड्या कालांतराने वाचता येईनाशा झाल्या; आणि दरम्यान यंत्रेही बदलली. टेबलावरील संगणकाच्या जागी तळहातावर मावणारी यंत्रे आली, त्यांचे प्रोसेसर वेगळे होते, पडदे लहान होते, कळफलक बहुधा नव्हताच. मूळ संहिता हाती असती तर नव्या प्रोसेसरसाठी तिचे पुन्हा रूपांतर करणे हे कष्टाचे, परंतु सरळ काम ठरले असते. ती नसताना जे खेळ ह्या नव्या यंत्रांवर पोचले, ते कोणत्या मार्गांनी पोचले, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. ह्या विचारातून एक गोष्ट स्पष्ट होईल. एखादा खेळ तरला की नाही हे त्याच्या गुणवत्तेपेक्षा त्याची मूळ बांधणी कशी झाली होती ह्यावर अधिक अवलंबून राहिले. आणि ती बांधणी ठरविताना कर्त्यांच्या मनात भविष्यकाळ नसून तात्कालिक व्यावसायिक अडचण होती.

२

सर्वांत जुना मार्ग निरीक्षणाचा होय. मूळ खेळ डोळ्यांनी पाहावयाचा, त्याचे नियम ध्यानात घ्यावयाचे आणि नव्या यंत्रावर तो पुन्हा आरंभापासून लिहावयाचा. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीचा 'डाँकी काँग' हा खेळ १९८१ मध्ये सार्वजनिक खेळघरांतील मोठ्या यंत्रावर आला, आणि १९८२ मध्ये त्याच नावाचे, 'गेम अँड वॉच' मालिकेतील हातात मावणारे यंत्र गुन्पेई योकोई ह्यांच्या हातून सिद्ध झाले. ह्या यंत्रात द्रवस्फटिकाचे दोन पडदे होते आणि त्यांवरील आकृती आधीच कोरलेल्या होत्या. यंत्र त्यांपैकी काही दृश्य करी, काही लपवी. मूळ आज्ञावलीतील एकही ओळ येथे उपयोगी पडण्यासारखी नव्हती. शिडी, पिंपे, वानर आणि उडी मारणारा नायक एवढी कल्पना तेवढी स्थलांतरित झाली. ह्याच यंत्रासाठी योकोई ह्यांनी अधिक-चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक कळ योजली, आणि ती पुढील पिढ्यांतील बहुतेक खेळयंत्रांवर कायम झाली.

विशेष म्हणजे मूळ खेळाचे लेखनही निन्टेन्डोच्या घरचे नव्हते. ते इकेगामी त्सुशिन्की ह्या दुसऱ्या कंपनीने केले होते, आणि पुढील 'डाँकी काँग ज्युनिअर' हा खेळ तयार करताना निन्टेन्डोच्या बाजूने पहिल्या खेळाच्या यंत्रसंकेतांची उकल करण्यात आली. त्यावरून १९८३ मध्ये इकेगामीने दावा दाखल केला. मूळ संहितेवाचून काम करण्याची गरज केवळ नंतरच्या हौशी मंडळींनाच भासली असे नव्हे, तर खेळाच्या मालकालाही ती आरंभीच भासली, हे ह्या प्रकरणावरून ध्यानात येते.

निरीक्षणाचा मार्ग ज्या खेळांचे सर्वस्व नियमांत सामावलेले आहे त्यांना उत्तम लागू पडला. अलेक्सेई पाजित्नोव ह्यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे एलेक्ट्रॉनिका ६० ह्या संगणकावर 'टेट्रिस' रचला तेव्हा त्या संगणकाला चित्र काढण्याची सोयच नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागत. १९८९ मध्ये तोच खेळ निन्टेन्डोच्या गेम बॉय ह्या हातातील यंत्रावर १६० × १४४ बिंदूंच्या पडद्यावर आला आणि जगभर पसरला. मूळ लेखन पास्कल भाषेत होते. त्याची येथे आवश्यकताच भासली नाही. सात आकृत्या आणि त्या रचण्याचा नियम कळला की खेळ कळला. परंतु ज्या खेळात शेकडो दृश्ये, संवाद आणि प्रसंगांची गुंतागुंत आहे, तो नुसता पाहून पुन्हा लिहिणे ही प्रत नव्हे, दुसरी कृती होय. अशा खेळांसाठी दुसऱ्या मार्गाची आवश्यकता होती.

३

हा दुसरा मार्ग अमेरिकेतील एका व्यापारी अडचणीतून निघाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील काही विद्यार्थ्यांनी १९७७ ते १९७९ ह्या काळात पीडीपी-१० ह्या मोठ्या संगणकावर 'झॉर्क' नावाचा शब्दरूप साहसखेळ लिहिला. खेळणाऱ्याने वाक्य टंकलिखित करावयाचे आणि संगणकाने त्याला वर्णनाने उत्तर द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप. १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली तेव्हा हा खेळ घरगुती संगणकांवर विकावयाचा बेत ठरला; पण त्या वेळी बाजारात परस्परांशी न जुळणारे अनेक संगणक होते आणि त्यांची मेमरी अत्यल्प होती. प्रत्येकासाठी खेळ स्वतंत्रपणे लिहिणे परवडणारे नव्हते. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक ह्यांनी ह्यावर असा तोडगा काढला की, खेळ कोणत्याही प्रत्यक्ष संगणकासाठी न लिहिता झेड-मशीन नावाच्या एका कल्पित संगणकासाठी लिहावयाचा, आणि प्रत्येक प्रत्यक्ष संगणकासाठी त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजे इंटरप्रिटर, तेवढा तयार करावयाचा. खेळाची फाइल सर्वत्र एकच. तिच्यात मजकूरही काटकसरीने भरलेला असे. १६ बिटांच्या एका शब्दात ५ बिटांची तीन अक्षरे बसविलेली असत. आरंभीच्या पिढीतील फाइलची कमाल मर्यादा १२८ किलोबाइट एवढीच होती.

इन्फोकॉम १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९८९ मध्ये तिचे कार्यालय बंद झाले. तिच्या आतील भाषेत लिहिलेली मूळ संहिता वाचकांना उपलब्ध नव्हती. परंतु खेळांच्या फाइली विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांतील आकडे हे एका मर्यादित व सुसंगत कल्पित यंत्राचे होते. हौशी अभ्यासकांनी त्या फाइलींची तुलना करून, एकेका आकड्याचा परिणाम तपासून, त्या यंत्राचे संपूर्ण व्याकरण सिद्ध केले. १९९३ मध्ये ऑक्सफर्ड येथील ग्रॅहम नेल्सन ह्यांनी इन्फॉर्म नावाचा कंपायलर प्रसिद्ध केला. तो नव्याने लिहिलेल्या खेळांचे रूपांतर ह्याच मृत कंपनीच्या कल्पित यंत्राच्या संकेतांत करीत असे. पुढे त्या यंत्राची प्रमाण व्याख्याही ह्याच मंडळींनी लिहून काढली. एका मृत भाषेचे व्याकरण उरलेल्या ग्रंथांवरून सिद्ध करून तीत नवे ग्रंथ लिहिण्यासारखाच हा प्रकार होय.

ह्या परिश्रमाचे फळ हातातील यंत्रांवर दिसून आले. १९९६ मध्ये पाम पायलट हे यंत्र बाजारात आले. त्याचा पडदा १६० × १६० बिंदूंचा, आणि सर्वांत स्वस्त प्रतीत मेमरी अवघी १२८ किलोबाइट. असे असूनही झेड-मशीनचे इंटरप्रिटर त्यावर लवकरच तयार झाले. ॲपलच्या न्यूटन ह्या यंत्रावरही ते होते. इंटरप्रिटर एकदा लिहिला की इन्फोकॉमची बहुतेक ग्रंथसंपदा त्यावर चालू लागे, एकाही खेळाला हात लावावा लागत नसे. अडचण उरली ती केवळ टंकलेखनाची. लेखणीने एकेक अक्षर रेखाटून आज्ञा द्याव्या लागत. इन्फोकॉमची मूळ संहिता सार्वजनिक झाली ती २०१९ मध्ये, जेसन स्कॉट ह्या संग्राहकाच्या हातून. तोवर ते खेळ दोन दशके लोकांच्या खिशात वावरत होते.

४

झेड-मशीनचे तत्त्व शब्दांपुरते होते. तेच तत्त्व चित्रमय खेळांना लागू करण्याचे श्रेय लुकासफिल्म गेम्स ह्या कंपनीकडे जाते. 'मेनियाक मॅन्शन' ह्या १९८७ च्या खेळासाठी रॉन गिल्बर्ट आणि एरिक विल्मंडर ह्यांनी स्कम नावाची पटकथा-भाषा तयार केली. पात्राने कोठे चालावे, कोणते वाक्य बोलावे, कोणते दार उघडावे हे ह्या भाषेत लिहिले जाई आणि एक इंटरप्रिटर ते अंमलात आणी. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) आणि त्यानंतरचे अनेक खेळ ह्याच पद्धतीने झाले.

२००१ मध्ये स्वीडनमधील लुडविग स्ट्रिगेउस ह्या विद्यार्थ्याने 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागाच्या फाइलींची उकल करण्यास आरंभ केला. विन्सेंट हॅम हे स्वतंत्रपणे त्याच कामात गुंतले होते. दोघांचे प्रयत्न एकत्र आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्कमव्हीएम ह्या आज्ञावलीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. खेळाच्या मूळ फाइली खेळणाऱ्याने स्वतः विकत घेतलेल्या असाव्यात. स्कमव्हीएम त्यांतील पटकथा वाचून खेळ चालवील, अशी ही व्यवस्था. ही आज्ञावली सी++ भाषेत, यंत्रविशिष्ट भाग वेगळा काढून लिहिलेली असल्यामुळे ती पॉकेट पीसी, शार्प झॉरस, सिम्बियन प्रणालीचे फोन, कोरियातील गेमपार्क कंपनीचे जीपी३२, सोनीचे पीएसपी आणि निन्टेन्डो डीएस अशा यंत्रांवर क्रमाने पोचली.

ह्या प्रवासातील अडचणी तपशिलाने पाहण्याजोग्या आहेत. मूळ खेळांचे चित्र ३२० × २०० बिंदूंचे होते. निन्टेन्डो डीएसचा पडदा २५६ × १९२ बिंदूंचा. चित्र आक्रसले तर संवादाची अक्षरे वाचता येईनात. न आक्रसले तर कडेच्या वस्तू दिसेनात. यंत्राला दोन पडदे असल्याने एकावर संपूर्ण दृश्य आणि दुसऱ्यावर त्यातील एका भागाचे मोठे रूप दाखविण्याची युक्ती योजावी लागली. शिवाय यंत्राची मुख्य मेमरी ४ मेगाबाइट एवढीच असल्याने सर्व खेळांना पुरणारी एकच आज्ञावली तीत मावेना, आणि खेळांच्या गटांनुसार तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. उंदराच्या साहाय्याने, म्हणजे माउसने, खेळावयाचे हे खेळ स्पर्शाच्या पडद्यावर मात्र सहज रुळले.

ह्याहून सूक्ष्म प्रश्न पाठनिर्णयाचा होता. मूळ पटकथांत कर्त्यांच्या चुका राहून गेल्या होत्या. जुना इंटरप्रिटर त्यांच्याकडे कानाडोळा करी, म्हणून त्या कधी उघडकीस आल्या नव्हत्या. नवा इंटरप्रिटर काटेकोर असल्याने तेथे तो अडखळू लागला. अशा वेळी चूक दुरुस्त करावी की जुन्या इंटरप्रिटरच्या ढिलाईचीही नक्कल करावी? स्कमव्हीएमच्या कर्त्यांनी बहुतेक ठिकाणी त्या त्या खेळापुरती, त्या त्या प्रसंगापुरती तडजोड केली आणि ती का केली हे संहितेत नोंदवून ठेवले. जुन्या ग्रंथांचे संपादन करणाऱ्याला तळटीप लिहिताना जो विवेक लागतो तोच येथे लागला.

ह्याच वर्गातील तिसरे उदाहरण फ्रान्समधील आहे. एरिक शाई ह्यांनी जवळजवळ एकट्याने रचलेला 'अनदर वर्ल्ड' हा खेळ १९९१ मध्ये अमिगा आणि अटारी एसटी ह्या संगणकांवर आला. त्यातील दृश्ये बिंदूंची चित्रे म्हणून साठविलेली नसून बहुभुजाकृतींच्या कोनबिंदूंच्या रूपाने साठविलेली आहेत, आणि खेळाचा क्रम एका छोट्या कल्पित यंत्राच्या संकेतांत लिहिलेला आहे. ह्या यंत्रात १६ बिटांच्या २५६ राशी आणि एकाच वेळी चालू शकणारे ६४ क्रम आहेत. इतक्या आटोपशीर यंत्राचे पुनर्लेखन करणे हे हौशी अभ्यासकांना शक्य झाले, आणि २००५ च्या सुमारास शाई ह्यांच्या संमतीने तो खेळ गेम बॉय ॲडव्हान्सच्या २४० × १६० बिंदूंच्या पडद्यावर विनामूल्य उपलब्ध झाला. आकृती गणिताच्या रूपाने साठविलेली असेल तर पडदा लहान की मोठा हा प्रश्न गुणाकाराने सुटतो, हा ह्या बांधणीचा आणखी एक लाभ.

५

वरील तीनही उदाहरणांत कर्त्यांनी कथा आणि यंत्र ह्यांच्यामध्ये एक भिंत उभी केली होती. मागाहून येणाऱ्यांना भिंतीच्या एका बाजूचेच काम पुन्हा करावे लागले. जेथे ही भिंतच नव्हती तेथे काम अनेक पटींनी कठीण झाले. क्रिस सॉयर ह्यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' (१९९४) आणि त्याची १९९५ ची सुधारलेली आवृत्ती ह्या जवळजवळ सर्वस्वी इंटेलच्या प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत लिहिलेल्या आहेत. खेळाचे नियम, चित्रे काढण्याची कृती, मेमरीची वाटणी हे सर्व एकमेकांत गुंतलेले. पूर्वोक्त स्ट्रिगेउस ह्यांनी ह्या आज्ञावलीतील यंत्रसंकेतांचे असेंब्लीत रूपांतर करून, प्रत्येक उपकृतीचा अर्थ लावून, ती सी भाषेत पुन्हा लिहिण्याचे काम हाती घेतले आणि २००४ च्या मार्चमध्ये ओपनटीटीडी ह्या नावाने ते प्रसिद्ध केले. त्यानंतर हा खेळ पीएसपीसारख्या यंत्रांवर आणि पुढे फोनवर गेला. मूळ खेळाची चित्रे व ध्वनी ह्यांवाचून तो चालावा म्हणून अनेक स्वयंसेवकांनी ती सामग्रीही नव्याने तयार केली, आणि २०१० मध्ये निघालेल्या १.० ह्या आवृत्तीपासून मूळ फाइलींची अपरिहार्यता संपली. स्वतः सॉयर ह्यांच्या कंपनीने फोनसाठी ह्या खेळाची अधिकृत आवृत्ती काढली ती २०१३ मध्ये.

परंतु हाताने अर्थ लावण्याच्या ह्या पद्धतीला मर्यादा आहे. ब्लिझार्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा १९९८ चा खेळ इतका विस्तृत आहे की त्यातील प्रत्येक कृती समजून घेऊन ती पुन्हा लिहावयाची म्हटल्यास अनेक वर्षे खर्ची पडावी. तथापि २०१४ मध्ये तो खेळ पँडोरा नावाच्या हातातील संगणकावर चालू लागला. पँडोराचा प्रोसेसर एआरएम जातीचा, आरंभीच्या प्रतींत ६०० मेगाहर्ट्झ गतीचा. खेळ मात्र इंटेलच्या संकेतांतील. इंटेलच्या प्रत्येक आज्ञेची खेळ चालू असतानाच नक्कल करावी तर एकेका आज्ञेसाठी अनेक आज्ञा खर्च होतात आणि ह्या गतीचे यंत्र अपुरे पडते. म्हणून तेथे निराळी रीत अवलंबिण्यात आली. खेळाच्या यंत्रसंकेतांचे आधीच, एकदाच, यांत्रिक रीतीने सी भाषेत रूपांतर करावयाचे आणि ती सी संहिता एआरएमसाठी कंपाइल करावयाची. विंडोज प्रणालीकडे केलेल्या मागण्या पुरविण्यासाठी वाइन ह्या मुक्त आज्ञावलीतील भागांचा उपयोग करण्यात आला. ह्या रीतीला स्थिर पुनर्रूपांतर असे म्हणता येईल.

ह्या रीतीत अर्थ समजण्याची आवश्यकता फारशी उरत नाही, परंतु नवी अडचण उद्भवते. फाइलीतील आकड्यांपैकी कोणते आज्ञा आहेत आणि कोणते नुसती माहिती आहे, हे निरपवादपणे ठरविणारी कोणतीही यांत्रिक कसोटी असू शकत नाही. एखाद्या उपकृतीचा पत्ता मेमरीत ठेवलेला असेल आणि तो चालू असतानाच वाचला जात असेल, तर पूर्वतपासणीत ती उपकृती दृष्टीआड राहते. तिला किती राशी पुरवाव्या लागतात हेही आकड्यांवरून थेट कळत नाही. अशा जागा माणसानेच एकेक तपासाव्या लागतात. दोन्ही प्रोसेसर ३२ बिटांचे आणि बाइट एकाच क्रमाने मांडणारे होते, ही गोष्ट अनुकूल ठरली. मेमरीतील मांडणी जशीच्या तशी ठेवता आली. सिद्ध झालेली संहिता वाचकाला जवळजवळ निरर्थक दिसते, पण ती चालते. जुन्या लिपीतील कागदाचे लिप्यंतर व्हावे, परंतु लिप्यंतर करणाऱ्याला भाषा येत नसावी, तसा हा प्रकार.

ह्याच्या अगदी उलट टोकाला निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ६४' (१९९६) ह्या खेळाची उकल आहे. हौशी अभ्यासकांच्या एका गटाने त्याची वाचनीय सी संहिता पुन्हा सिद्ध केली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिची कसोटी अशी की, त्या काळचाच कंपायलर वापरून तिचे रूपांतर केले असता मूळ फाइल एकाही बाइटाचा फरक न पडता मिळाली पाहिजे. मूळ आज्ञावलीचा बराच भाग कंपायलरच्या सुधारणांवाचून रूपांतरित झालेला होता, ही गोष्ट कामी आली. नावे आणि टिपणे अर्थातच मागाहूनच्या अभ्यासकांची. पण पुनर्रचित पाठ मूळ नकलेशी इतक्या कठोर रीतीने ताडून पाहता यावा, हे भाग्य ग्रंथांच्या संपादकाला क्वचितच लाभते.

६

मूळ संहिता सापडली म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असा समज होण्याचा संभव आहे. जॉर्डन मेकनर ह्यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी लिहिलेल्या ह्या खेळाची मूळ संहिता हरवली असे अनेक वर्षे मानले जात होते. २०१२ मध्ये मेकनर ह्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या तबकड्या सापडल्या. जेसन स्कॉट आणि टोनी डिआझ ह्यांनी त्या वाचून दिल्या आणि एप्रिलमध्ये संहिता सर्वांसाठी खुली झाली. परंतु ती ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेतील होती. आजच्या यंत्रांवर हा खेळ चालविण्यासाठी जी मुक्त आवृत्ती रूढ झाली, ती ह्या अस्सलावर आधारलेली नसून १९९० च्या डॉस आवृत्तीच्या यंत्रसंकेतांची उकल करून सी भाषेत लिहिलेली आहे. कारण असंख्य लोकांनी प्रत्यक्ष खेळलेला, ज्याची गती व रंग त्यांच्या स्मरणात आहेत, तो पाठ डॉसचा होता. अस्सल हे कर्त्याच्या विचाराचे साधन म्हणून अमूल्य आहे. खेळाच्या परंपरेत रूढ झालेला पाठ मात्र दुसराच असू शकतो.

ह्या सर्व उद्योगाला कायद्याची मर्यादा आहे आणि ती देशपरत्वे भिन्न आहे. अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड ह्या खटल्यात असा निर्णय दिला की, संरक्षण नसलेल्या कल्पना जाणून घेण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि हेतू न्याय्य असेल, तर यंत्रसंकेतांची उकल हा उचित वापर ठरतो. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निदेशाने परस्परसंवादासाठी आवश्यक तेवढ्या उकलीस परवानगी दिली. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तत्सम अपवाद दाखल करण्यात आले आहेत. आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला, अन्य मार्गाने सहज न मिळणारी, परस्परसंवादास आवश्यक अशी माहिती मिळविता येते, तसेच तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण करता येते. मात्र कल्पना जाणून घेणे आणि संपूर्ण कृतीची दुसऱ्या भाषेतील प्रत लोकांत वाटणे ह्यांत अंतर आहे. स्कमव्हीएमसारख्या प्रकल्पांनी केवळ इंटरप्रिटर वाटून खेळाच्या फाइली खेळणाऱ्यावर सोडल्या, त्यामुळे त्यांना बहुधा उपद्रव झाला नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील दोन खेळांची संपूर्ण उकल करून ती सोनीच्या व्हिटा ह्या हातातील यंत्रापर्यंत नेण्यात आली, तेव्हा मात्र टेक-टू ह्या मालक कंपनीने २०२१ मध्ये प्रथम सूचना बजावली आणि नंतर दावा दाखल केला. झेड-मशीनच्या अभ्यासकांनी व्याकरण लिहिले होते. येथे ग्रंथाचेच भाषांतर झाले होते. ह्या भेदावरच कायदेशीर सुरक्षितता अवलंबून राहिली, असे दिसते.

७

ह्या प्रश्नाला केवळ हौसेचा विषय मानून चालणार नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क ह्या अमेरिकन संस्थांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी जतन केलेले असे खेळ संशोधकांना दूरस्थ रीतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने २०२४ मध्ये अमान्य केली. अशा स्थितीत एका विस्तृत कलाप्रकाराच्या आरंभीच्या तीन दशकांचा अभ्यास ज्यांच्या श्रमावर अवलंबून आहे, ती मंडळी बहुतांशी कोणत्याही संस्थेत नाहीत.

सारांश, मूळ संहितेवाचून झालेल्या स्थलांतराचे चार प्रकार संभवतात. निरीक्षणावरून केलेले पुनर्लेखन नियम जपते, पण कृती जपतेच असे नाही. कल्पित यंत्राचे पुनर्लेखन कृती जशीच्या तशी जपते आणि तिच्या वाचनाची नवी साधने तेवढी निर्माण करते. संपूर्ण उकल कृती समजून घेते, पण तिच्यावर संपादकाचा ठसा उमटतो आणि कायद्याशी तिचा संघर्ष संभवतो. स्थिर पुनर्रूपांतर कृती चालवून दाखविते, समजून घेत नाही. अभ्यासकाने एखाद्या जुन्या खेळाविषयी विधान करताना आपल्यासमोरील प्रत ह्यांपैकी कोणत्या मार्गाने आली आहे, पडद्याचे माप, गती आणि नियंत्रणे ह्यांत कोणते फेरफार झाले आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. अन्यथा संपादकाची तडजोड कर्त्याच्या माथी मारण्याचा प्रमाद घडेल.

हातातील यंत्रांच्या बाबतीत ह्या इतिहासाचा एक अध्याय आता जवळजवळ संपला आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकसारख्या यंत्रांत टेबलावरील संगणकाच्याच जातीचा प्रोसेसर असतो, आणि फोनचे प्रोसेसरही इतके वेगवान झाले आहेत की मूळ आज्ञावलीची चालू असतानाच नक्कल करणे पुष्कळदा पुरेसे ठरते. पामच्या १२८ किलोबाइटांत किंवा पँडोराच्या ६०० मेगाहर्ट्झमध्ये खेळ बसविण्यासाठी जी कौशल्ये लागली, त्यांची निकड उरलेली नाही. परंतु त्या काळात अपुऱ्या यंत्रांपायी लोकांना खेळांच्या अंतरंगात शिरावे लागले, आणि त्या निमित्ताने झेड-मशीनचे व्याकरण, स्कमच्या पटकथांचा अर्थ, 'ट्रान्सपोर्ट टायकून'चे अंतर्गत नियम लेखी स्वरूपात आले. ते लेखन आज ह्या खेळांविषयीचे प्राथमिक साधन आहे. त्याचे कर्ते हयात असतानाच त्यांची टिपणे, मतभेद आणि फसलेले प्रयत्न ह्यांचा संग्रह करणे हे काम विद्यापीठीय संशोधनाने हाती घेण्याजोगे आहे. कारण इंटरप्रिटरची संहिता शिल्लक राहिली तरी ती तशीच का लिहिली गेली, हे सांगणारी माणसे कायम राहणार नाहीत.